बलग : इथपर्यंत पोचलं

आमच्या मोहल्ल्यातल्या जुन्या वाचनालयाचं स्कॅनिंग गेल्या उन्हाळ्यात पुरं झालं. उर्दू आणि मराठी पुस्तकं, मदरशाच्या जुन्या हजेरीवह्या, जहाजांवर कामाला गेलेल्यांनी घरी धाडलेली पत्रं, दोन-चार हस्तलिखितं. शाळेतल्या नववी-दहावीच्या मुलामुलींनी सुट्टीत बसून एकेक पान उलटलं. ४१२ फाइली झाल्या, एकूण ३८ जीबी. सगळ्यांत मोठी फाइल सहा जीबीची. पुण्याच्या एका मित्राने आपल्या सर्व्हरवर जागा दिली. हैदराबादला संशोधन करणारी माझी एक माजी विद्यार्थिनी आणि कुवेतमधला माझा चुलतभाऊ, दोघे तिथून आपापली प्रत उतरवून घेणार होते.

आठ दिवस गेले. लहान फाइली उतरल्या, मोठ्या काही उतरेनात. विद्यार्थिनीचा रोज सकाळी निरोप यायचा, "सर, रात्री ९१ टक्क्यांवर तुटली. पुन्हा पहिल्यापासून."

मला घाई होती आणि भीतीही. त्यामागे एक जुनी जखम आहे. माझे आजोबा जहाजावर खलाशी होते. त्यांची एक बयाझ, म्हणजे टिपणवही, चिपळूणला चाचांच्या घरी होती. १८० पानांची. तिचं मी मोबाइलवर स्कॅन करून एकच फाइल बनवली आणि भावाला कुवेतला पाठवली. "आली" असा त्याचा निरोप आला. मोबाइलमध्ये जागा नव्हती म्हणून माझ्याकडची फाइल मी पुसून टाकली. २२ जुलै २०२१ ला चिपळुणात पाणी भरलं आणि चाचांच्या कपाटासकट वही गेली. मग भावाने ती फाइल प्रथमच उघडून पाहिली, तर ती धड उघडेना. एका जाणकाराने खटपट करून त्यातली पहिली ६३ पानं वाचवली. पुढची पानं पोचलीच नव्हती.

पाठवणं आणि पोचणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मी त्या दिवशी शिकलो. यंदा तीच चूक नको म्हणून मित्राच्या मागे लागलो की मोठी फाइल पाठवताना नेमकं काय होतं ते मला समजावून सांग. मी बी.एड. झालेला भाषेचा मास्तर, संगणकाचा नव्हे. पण त्याचं ऐकता ऐकता आणि स्वतः वाचता वाचता जो इतिहास हाती लागला, तो मला बराच ओळखीचा वाटला. तोच इथे सांगतो.

दौलताबादचं पाणी

सुरुवात आपल्याच मुलखातून करू. इब्न बतूता १३३३ साली हिंदुस्तानात आला तेव्हा दिल्लीच्या तख्तावर मुहम्मद बिन तुघलक होता. त्याच्या डाकव्यवस्थेचं वर्णन बतूताने आपल्या सफरनाम्यात केलं आहे. पायी डाकेसाठी एका मैलात तीन ठाणी असत. हरकाऱ्याच्या एका हातात पत्र आणि दुसऱ्या हातात तांब्याच्या घुंगरांची काठी. घुंगरांचा आवाज ऐकला की पुढच्या ठाण्यावरचा माणूस उठून तयार राही. बतूता म्हणतो की ही पायी डाक घोड्यांच्या डाकेपेक्षाही वेगवान होती. खुरासानची फळं हिनेच येत आणि सुलतान दौलताबादला असला की त्याच्या पिण्यासाठी गंगेचं पाणीही. वाट होती ४० दिवसांची.

या व्यवस्थेचा कणा असा की कोणताही एक माणूस दिल्लीहून दौलताबादला धावत नव्हता. अंतराचे तुकडे केलेले होते. दमलेल्याने ओझं ताज्या दमाच्या माणसाकडे द्यायचं आणि थांबायचं. संगणकाच्या जाळ्याने पुढे यात एका गोष्टीची भर घातली. त्याने अंतराबरोबर ओझ्याचेही तुकडे केले.

ओझ्याचे तुकडे

१९६० च्या दशकात अमेरिकेत पॉल बॅरन आणि ब्रिटनमध्ये डोनाल्ड डेव्हिस या दोघांनी एकमेकांपासून स्वतंत्रपणे हाच विचार मांडला. टेलिफोनवर दोन माणसं बोलत असतात तोवर सबंध लाइन त्यांच्यासाठी अडून राहते. संगणकांसाठी तसं न करता संदेश लहान तुकड्यांत कापावा, प्रत्येक तुकड्यावर पत्ता घालावा आणि तो वाटेतल्या यंत्रांच्या हवाली करावा. डेव्हिस यांनी त्या तुकड्याला 'पॅकेट' हे नाव दिलं, ते आज आपल्या तोंडी आहे. २९ ऑक्टोबर १९६९ रोजी कॅलिफोर्नियातल्या दोन संगणकांमध्ये 'अर्पानेट' या जाळ्यावरचा पहिला संदेश गेला. त्या लाइनीचा वेग सेकंदाला ५० हजार बिट. मी सहज हिशोब केला. आमचं ३८ जीबीचं वाचनालय त्या लाइनीवरून पाठवायला ७० दिवस आणि ७० रात्री लागल्या असत्या. त्यापेक्षा गंगेचं पाणी लवकर पोचलं असतं.

फाइल पाठवण्याचे पहिले नियम लिहिणारा माणूस आपल्याकडचा होता, हे मला या वाचनातच कळलं. अभय भूषण हे मूळचे अलाहाबादचे. कानपूरच्या आयआयटीच्या पहिल्या तुकडीतून बाहेर पडून ते एमआयटीत गेले. १६ एप्रिल १९७१ रोजी त्यांनी फाइल ट्रान्स्फर प्रोटोकॉलचा, म्हणजे एफटीपीचा, पहिला मसुदा प्रसिद्ध केला. तोवर दूरच्या यंत्रावरची फाइल हवी असेल तर त्या यंत्राच्या रीतीभाती शिकाव्या लागत. प्रत्येक यंत्राचं वळण निराळं. भूषण यांनी सर्वांना समजेल अशी मागण्या-देण्याची एक भाषा ठरवली. या नियमांची १९८५ साली जी सुधारित आवृत्ती निघाली, तिच्यात फाइल तुटली तर खुणेपासून पुढे सुरू करण्याचीही सोय आहे. ही खूण लक्षात ठेवा, तिच्याकडे पुन्हा यायचं आहे.

पोच

तुकडे केले की तीन संकटं येतात. तुकडा हरवतो, तुकडे मागे-पुढे होतात, किंवा तुकडा वाटेत बिघडतो. आपल्या कातिबांपुढे शतकानुशतकं हीच संकटं होती.

जुनं अरबी, फारसी किंवा उर्दू हस्तलिखित पाहिलंत तर पानाच्या तळाशी कोपऱ्यात एक तिरका शब्द दिसतो. तो पुढच्या पानाचा पहिला शब्द असतो. त्याला रिकाब म्हणतात. शिवण सुटून पानं विखुरली तरी रिकाब पाहून ती पुन्हा ओळीने लावता येतात. दुसरी गोष्ट मुकाबला. मराठीत मुकाबला म्हणजे सामना, पण कातिबांच्या भाषेत मुकाबला म्हणजे नक्कल आणि मूळ प्रत समोरासमोर ठेवून शब्द न् शब्द ताडून पाहणं. हे काम एका बैठकीत संपत नसे. म्हणून उठताना समासात एक छोटा शब्द लिहीत, 'बलग'. अर्थ, पोचलं. इथपर्यंत तपासून झालं. दुसऱ्या दिवशी तिथूनच पुढे.

१९७४ साली व्हिंट सर्फ आणि रॉबर्ट कान यांनी ज्या नियमांची मांडणी केली, त्यातून आजचं टीसीपी घडलं. १ जानेवारी १९८३ पासून अर्पानेट त्यावर चालू लागलं. त्यात पाठवणारा प्रत्येक बाइटला क्रमांक धरतो. घेणारा उलट कळवतो की अमुक क्रमांकापर्यंत सगळं आलं, आता त्यापुढचं दे. आपण मराठीत याला पोच म्हणतो, कातिब याला बलग म्हणत. पोच आली नाही तर तो तुकडा पुन्हा धाडायचा. वाटेत माल हरवणार हे गृहीत धरूनच हा नियम केलेला आहे.

पण पुन्हा धाडण्याची घाईही नडते. ऑक्टोबर १९८६ मध्ये बर्कलेची राष्ट्रीय प्रयोगशाळा आणि तिथलं विद्यापीठ यांच्यामधला वेग एकाएकी कोसळला. अंतर होतं फक्त ४०० यार्ड. सेकंदाला ३२ हजार बिटांवरून वेग आला ४० बिटांवर. तार तुटली नव्हती, यंत्रं बंद पडली नव्हती. गर्दीमुळे पोच यायला उशीर झाला की प्रत्येक यंत्राला वाटे आपला माल हरवला, मग ते तोच माल पुन्हा लोटे. त्याने गर्दी आणखी वाढे. घाटात एक ट्रक अडला की मागचे सगळे उजवीकडून गाडी घुसवतात आणि मग कुणालाच हलता येत नाही, तसं.

तिथल्या व्हॅन जेकबसन यांनी माइक कॅरल्स यांच्यासह यावर जो उपाय काढला, तो १९८८ साली निबंधरूपाने प्रसिद्ध झाला. आधी थोडं पाठवा. पोच आली की थोडं वाढवा. पोच थांबली तर रस्ता भरला आहे असं समजा आणि स्वतःचा वेग कमी करा. कुठे चौकी नाही की पोलीस नाही, प्रत्येकाने आपला हात आखडायचा. आज आपण वापरतो ते जाळं अजूनही बहुतांशी या सबुरीवर चालतं.

खिडकीची रुंदी

दुसरी अडचण लांबच्या वाटेची. प्रत्येक तुकड्यामागे पोचेची वाट पाहत बसलं तर दिवस सरेल. म्हणून पोच येण्याआधी किती माल वाटेवर सोडायचा याची एक मर्यादा ठरलेली असते. तिला विंडो म्हणतात. सुरुवातीच्या नियमांत ती जास्तीत जास्त ६५,५३५ बाइटची होती. समजा माल उपग्रहामार्गे जातोय आणि जाऊन पोच यायला अर्धा सेकंद लागतो. मग लाइन कितीही रुंद घ्या, सेकंदाला सव्वा लाख बाइटच्या आसपासच माल जाणार. आमचं वाचनालय त्या हिशोबाने तीन दिवसांहून जास्त घेईल आणि एवढी रुंद लाइन रिकामी पडून राहील. १९९२ मध्ये ही खिडकी मोठी करण्याचा नियम आला. आता ती जवळजवळ एक जीबीपर्यंत वाढवता येते. आपल्या फोनमध्ये हे आपोआप होतं, आपल्याला पत्ताही नसतो.

सर्व्हरचं टेबल

हे सगळं ऐकल्यावर मी मित्राला विचारलं, "मग एवढी शहाणी व्यवस्था असताना आमची फाइल का तुटते?" त्याने आपला प्रोग्रॅम तपासला आणि कपाळाला हात लावला. चूक त्याच्याच टेबलावर होती.

घाईत लिहिलेला त्याचा प्रोग्रॅम आधी सबंध फाइल यंत्राच्या स्मृतीत, म्हणजे मेमरीत वाचून घेई आणि मग पाठवायला लागे. यंत्राची मेमरी चार जीबी, फाइल सहा जीबीची. यंत्र जुळवाजुळव करून कसंबसं चाले आणि मध्येच मान टाकी. शाळेला पाठ्यपुस्तकांचा ट्रक आला, तर सगळी पुस्तकं आधी मुख्याध्यापकांच्या टेबलावर रचून मग वर्गात वाटायला घेतो का आपण? एकेक गठ्ठा उतरवतो आणि थेट वर्गात नेतो. मोठी फाइलही तशीच द्यायची असते. थोडी वाच, थोडी पाठव, टेबल मोकळं ठेव. १९९० च्या दशकाच्या अखेरीस फ्रीबीएसडी आणि लिनक्स या प्रणालींनी याच्या पुढचं पाऊल टाकलं. त्यांच्यात 'सेंडफाइल' नावाची सोय आली. तिच्यामुळे डिस्कवरचा माल प्रोग्रॅमच्या टेबलावर न येता प्रणालीच्या आतल्या आत जाळ्याकडे जातो. प्रोग्रॅम फक्त एवढंच सांगतो की अमुक फाइल, अमुक ठिकाणापासून, इतकी दे.

त्याची दुसरी चूक आणखी मोठी होती. त्याचा प्रोग्रॅम 'इथपासून पुढे दे' ही विनंती ऐकतच नव्हता. वेबच्या नियमांत ही विनंती जानेवारी १९९७ मध्ये दाखल झाली. फाइलचा हवा तेवढाच भाग मागता येतो आणि सर्व्हर २०६ या क्रमांकाचं उत्तर देऊन तेवढाच भाग देतो. हे वाचताना मला माझे बी.एड.चे दिवस आठवले. सायबर कॅफेत तासाचे पैसे भरून मी नस्तालीकचा फाँट उतरवत बसायचो. नस्तालीकमध्ये अक्षरांचे हजारो जोड वेगवेगळे काढावे लागतात, त्यामुळे फाँट जड. फोनची लाइन तुटायची, मी पुन्हा पहिल्यापासून सुरू करायचो, पैसे जायचे. एके दिवशी कॅफेवाल्या पोराने एक डाउनलोड मॅनेजर टाकून दिला आणि तुटलेली फाइल जिथल्या तिथून सुरू झाली. मला ती त्याची करामत वाटली होती. तो खरं तर बलग होता.

मित्राने दोन्ही चुका सुधारल्या. त्याच रात्री हैदराबादला सहा जीबीची फाइल उतरली. तीन वेळा तुटली, पण तीन वेळा तिथूनच पुढे गेली.

मग मुलांच्या लक्षात आलं की त्याच फाइलमध्ये मधली दोन पानं स्कॅन करायची राहिली आहेत. ती घातली. आता सहा जीबी पुन्हा पाठवायचे? यासाठी आरसिंक आहे. १९९६ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या अँड्र्यू ट्रिजेल आणि पॉल मॅकेरास यांनी ते बनवलं. घेणारा आपल्याकडच्या जुन्या प्रतीचे ठोकळे पाडतो, प्रत्येक ठोकळ्याची एक छोटी खूण काढून पाठवतो. पाठवणारा आपल्या नव्या प्रतीत त्या खुणा शोधतो, ठोकळा पुढे-मागे सरकलेला असला तरी ओळखतो, आणि फक्त जे नवीन आहे तेवढंच धाडतो. शुद्धिपत्रकासाठी सबंध ग्रंथ पुन्हा छापायचा नाही, इतकी साधी गोष्ट.

मुकाबला

फाइल आली. पण जशी होती तशीच आली का? माझ्यासाठी सगळ्यांत महत्त्वाचा प्रश्न हाच होता, आणि याचं उत्तर मला जुन्या कागदांत मिळालं.

१९८४ साली एमआयटीच्या जेरोम सॉल्टझर, डेव्हिड रीड आणि डेव्हिड क्लार्क या तिघांचा एक निबंध नियतकालिकात प्रसिद्ध झाला. त्यातलं मुख्य उदाहरणच फाइल एका यंत्रावरून दुसऱ्यावर नेण्याचं आहे. त्यांचं म्हणणं असं की वाटेतल्या प्रत्येक ठाण्याने आपापली तपासणी केली तरी तेवढ्याने भागत नाही. ज्याने पाठवलं आणि ज्याला मिळालं, त्या दोन टोकांनी शेवटी ताडून पाहिलंच पाहिजे. तिथे घडलेला एक प्रसंगही त्यांनी दिला आहे. वाटेतल्या एका यंत्रात बिघाड झाला आणि सुमारे दहा लाख बाइटमागे एक जोडी उलटसुलट होऊ लागली. बिघाड त्या यंत्राच्या पोटात होता, तारेवर नव्हता. त्यामुळे तारेवरच्या सगळ्या तपासण्या उत्तीर्ण होत राहिल्या. एका कार्यप्रणालीच्या मूळ फाइली त्या यंत्रातून अनेकदा गेल्या आणि काही नासल्या. शेवटी त्या फाइलींच्या मालकांना जुन्या छापील प्रती काढून हाताने ताडून पाहावं लागलं आणि चुका दुरुस्त कराव्या लागल्या.

हे वाचून मी क्षणभर थांबलो. जगातल्या नामवंत संगणक-प्रयोगशाळेत माणसं कागद समोर ठेवून ओळ न् ओळ ताडतायत. आमच्या कातिबांनी हेच केलं होतं.

आज हा मुकाबला यंत्र करतं. सबंध फाइलवर एक हिशोब चालवून छोटा ठसा काढला जातो, त्याला हॅश म्हणतात. मूळ फाइलचा ठसा आणि पोचलेल्या फाइलचा ठसा एक असेल तर फाइल तीच. एक बाइट बदलला तरी ठसा पार बदलतो. मित्राने ४१२ फाइलींच्या ठशांची यादी करून दिली. विद्यार्थिनीने हैदराबादला आपल्या प्रतींचे ठसे काढले. ४११ जुळले. एक जुळला नाही. ती फाइल उघडत होती, पहिली पानं छान दिसत होती. पूर्वीचा मी असतो तर "आली" म्हणून मोकळा झालो असतो. ती पुन्हा उतरवली, ठसा जुळला.

विमान आणि ठसा

राहिला कुवेत. भावाची लाइन काही केल्या टिकेना. मित्र म्हणाला, डिस्क पाठव, यात कमीपणा नाही. मग त्याने मला कृष्णविवराच्या त्या पहिल्या चित्राची हकिकत सांगितली, जे १० एप्रिल २०१९ रोजी जगाने पाहिलं. एप्रिल २०१७ मध्ये आठ दुर्बिणींनी जमवलेली माहिती इतकी अवाढव्य होती की ती कोणत्याच तारेवरून पाठवली नाही. हार्ड डिस्क पेट्यांत भरून विमानाने अमेरिकेत आणि जर्मनीत नेल्या. दक्षिण ध्रुवावरच्या डिस्क तर तिथला हिवाळा संपेपर्यंत अडकून राहिल्या आणि डिसेंबरात पोचल्या. कार्यक्षमता म्हणजे दरवेळी तारच असं नाही. कधी हरकाराच बरा पडतो.

आमचा हरकारा म्हणजे शेजारच्या खालांचा मुलगा, तो सुट्टी संपवून परत निघाला होता. त्याच्या बॅगेत लोणच्याच्या बरणीपासून लांब, कपड्यांत गुंडाळून डिस्क ठेवली. ठशांची यादी मात्र वेगळी, फोनवर पाठवली. भावाने दोन दिवस बसून सगळे ४१२ ठसे ताडले. मग निरोप आला, "सगळे जुळले. या वेळेस उघडूनही पाहिले."

आता वाचनालयाच्या तीन प्रती तीन शहरांत आहेत आणि मूळ कागदही जपून ठेवले आहेत.

आजोबांच्या बयाझची ६३ पानंही मी त्यात ठेवली आहेत. आजोबांना लिहायला शिकवणारे उस्ताद जुन्या वळणाचे असावेत, कारण आजोबा पानांना क्रमांक देत नसत, प्रत्येक पानाखाली रिकाब लिहीत. शेवटच्या वाचलेल्या पानावर ते एका वादळी रात्रीबद्दल सांगतायत. जहाज बंदराबाहेर अडकलंय, सोबतचा एक जोडीदार तापाने पडलाय. तिथे पान संपतं. खाली कोपऱ्यात, तिरक्या अक्षरात, पुढच्या पानाचा पहिला शब्द लिहिलेला आहे. 'लेकिन'.